खोडलेलं वाचायचं नसतं

बायको गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलगी आली आणि दोन दिवसांत तिने आईचे कपडे वाटून टाकले, औषधं परत केली, चष्मे एका डब्यात भरून ठेवले. कंपोझिटर तिला कशालाच नाही म्हणाला नाही. जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे मात्र तिचा हात गेला, तेव्हा तो म्हणाला, "ते राहू दे."

"बाबा, तुम्हाला चालू तरी करता येतो का?"

"येतो."

पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. तिच्याच अक्षरात. खाली लिहिलं होतं, 'हा कागद कुणाला दाखवू नये.' घरात दोनच माणसं असताना ही सूचना कुणासाठी होती, देव जाणे.

त्याला कंपोझिटर म्हणायचं ते जुन्या सवयीने. छापखाना बंद पडून एकवीस वर्षं झाली होती. पण त्याआधी सव्वीस वर्षं त्याने खिळे जुळवले होते, म्हणजे शिशाची एकेक उलटी अक्षरं केस नावाच्या खणांच्या पेटीतून उचलून ओळी लावल्या होत्या, आणि गल्लीत अजूनही त्याला त्याच नावाने हाक मारत.

बायको प्रोग्राम लिहायची. लग्नानंतर वर्षभरात तिने त्याला आपलं काम समजावून सांगितलं होतं, ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं.

"तुमच्याकडे प्रत्येक कंपोझिटर आपले खिळे आपण ओततो का?"

"छे. ओतलेले तयार येतात. केसमध्ये असतात."

"तसंच आमचं. प्रोग्राम ज्याच्यावर चालतो त्याला रनटाइम म्हणतात. त्याच्याबरोबर एक भरलेली केस मिळते. तारीख काढा, यादी क्रमाने लावा, मजकुराच्या ओळी पाडा, असली रोजची कामं कुणी नव्याने लिहीत बसत नाही. तिथून उचलायचं. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात."

"आणि तिच्यातले खिळे कोण ओततं?"

"आम्हीच. ठिकठिकाणचे रिकामटेकडे. संध्याकाळी घरी बसून."

"पगार?"

"काही नाही."

"मग छापखानाच बरा," तो म्हणाला होता, आणि ती इतकी हसली होती की शेजारीण खिडकीत आली.

त्या लायब्ररीतला ओळी पाडणारा भाग तिचा होता. लांबलचक मजकूर आणि रुंदी द्यायची, तो भाग मजकुराच्या नीट ओळी करून देतो. एकोणीस वर्षांपूर्वी, छापखाना बंद पडलेला आणि कंपोझिटर दिवसभर घरात येरझारा घालत असताना, तिने एका संध्याकाळी त्याला हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. ओळ कुठे मोडायची आणि कुठे मोडायची नाही, याचे तुमच्याकडे काही नियम होते का?"

तो खुर्ची ओढून बसला तो दोन तास उठला नाही. दोन वर्षांत त्याला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. संख्या आणि तिचं माप कधी वेगळं करायचं नाही, त्याने सांगितलं. 'पाच' एका ओळीत आणि 'मीटर' दुसऱ्या ओळीत, असं झालं की फोरमन टपली मारायचा. आद्याक्षरं आणि आडनाव तोडायचं नाही. अपूर्णांकाला तर हातच लावायचा नाही. नवशिका असताना त्याने एकदा 'दीड'चा आकडा दोन ओळींत पाडला होता, तेव्हा फोरमनने अख्ख्या खात्यासमोर विचारलं होतं, "अरे, उरलेला अर्धा काय उद्याच्या अंकात देणार आहेस?"

ती भराभर लिहून घेत होती. मग तिने लिहिलेलं त्याला मोठ्याने वाचायला लावलं. छापखान्यात प्रूफ तपासताना हेच चालायचं. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, स्वल्पविरामापासून अवतरणचिन्हापर्यंत सगळं उच्चारून, आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवणार. अर्थाशी देणंघेणं नाही. तेव्हापासून ती रीतच पडली. ती काहीही नवं लिहायची तेव्हा तो समोर बसून वाचायचा, "कंस सुरू, रुंदी, स्वल्पविराम, मजकूर, कंस बंद," आणि ती डोळे मिटून ऐकायची. मधेच म्हणायची, "थांबा. परत." त्याला काही कळायचं नाही आणि तिची चूक सापडायची. "तुम्हाला कळत नाही म्हणूनच सापडते," ती म्हणायची. "कळणारा माणूस गाळून वाचतो."

लायब्ररी लिहिणाऱ्या लोकांत कुणाला खरं नाव नव्हतं. टोपणनावांनीच व्यवहार चालायचा. हिने आपलं नाव घेतलं होतं चिमटा. चुकीचा खिळा ओळीतून उपटायला कंपोझिटर जो चिमटा वापरतो, तो. त्याचा स्वतःचा चिमटा तिच्या पेन्सिलींच्या पेल्यात उभा असायचा.

तर आता ती गेल्यावर तो रोज सकाळी साडेसातला चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि तिचं टपाल वाचायचा. लोक पेपर वाचतात तसं. लायब्ररीची पद्धत अशी होती की प्रत्येक भागाला एक सांभाळणारं माणूस, आणि त्या भागात कुणी कसलाही बदल सुचवला की त्या माणसाला आपोआप निरोप जाणार. निरोप यंत्रच पाठवायचं आणि त्याची पहिली ओळ ठरलेली होती : 'चिमटा, तुमची नजर हवी.'

महिन्यातून एखादाच यायचा. पण ज्या दिवशी यायचा त्या दिवशी चहा जास्त गोड लागायचा. जगात एक जागा अशी होती की तिथे ती अजून गेलेली नव्हती.

"त्यांना कळवलंत का?" मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची.

"कळवतो."

"बाबा, चार महिने झाले."

"कळवतो म्हटलं ना."

सहाव्या महिन्यात वाटाणा नावाच्या कुणीतरी मोठा बदल सुचवला. निरोप आला. आठवड्याने आठवण आली. मग तिसरा निरोप आला आणि त्याची भाषा बदललेली होती. दहा दिवसांत उत्तर न आल्यास आपलं नाव सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काढण्यात येईल.

कंपोझिटर नऊ दिवस घरात फिरला. दहाव्या दिवशी त्याने तो बदल उघडला. पडद्यावर दोन रंगांच्या ओळी होत्या. जाणार त्या लाल, येणार त्या हिरव्या. सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने लाल ओळींवरून नजर उचलली. प्रूफरीडर लाल शाईने खोडतो, आणि खोडलेलं वाचायचं नसतं. नाहीतर तेच डोक्यात राहतं आणि हात पुन्हा तेच जुळवतो. फोरमनने पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. हिरवं तेवढं त्याने वाचलं. मोठ्याने, एकट्याने, कंस-स्वल्पविरामासकट. सगळे कंस जिथल्या तिथे बंद होत होते. ओळी एकाखाली एक सरळ. पान देखणं होतं.

ती पास करायची तेव्हा काय लिहायची, हे त्याला पाठ होतं. दोन बोटांनी त्याने टाइप केलं : 'ठीक. पुढे चला.' आणि बटण दाबलं.

यंत्राचं उत्तर लगेच आलं. 'धन्यवाद, चिमटा.' नाव यादीत राहिलं होतं. त्या दिवशी त्याने कितीतरी महिन्यांनी रेडिओ लावला.

पाच महिने गेले. रनटाइमची नवी आवृत्ती निघाली, ठिकठिकाणच्या दुकानांतून आणि कार्यालयांतून बसली. आणि एका सोमवारी तिच्या टपालात एकदम तेवीस पत्रं.

पहिलं पत्र औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवणाऱ्या एका माणसाचं होतं. पुड्यावर चिकटवायच्या लेबलाचा फोटो होता. वरच्या ओळीच्या शेवटी, 'रोज सकाळी १/'. खालच्या ओळीत, '२ गोळी'. अर्धी गोळी सांगितलेला म्हातारा घरी जाऊन खालची ओळ वाचणार आणि दोन घेणार. पत्रात लिहिलं होतं की काउंटरवरच्या बाईच्या लक्षात आलं म्हणून थोडक्यात निभावलं, कुणाला काही झालं नाही. पण अशी लेबलं किती छापली गेली, सांगता येत नाही.

कंपोझिटरचा चहा तसाच राहिला. हे कुठून आलं असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने पाच महिन्यांपूर्वीचा तो बदल काढला आणि पहिल्यांदा लाल ओळी वाचल्या.

चाळीस होत्या. सगळ्यांत वर तिची टीप होती. प्रोग्राम वाचणाऱ्या माणसांसाठी असते तशी, साध्या भाषेत : 'संख्या आणि माप सोबत राहतील. अपूर्णांक कधीही मोडणार नाही. हे असं का, म्हणून माझ्याशी वाद घालू नये. आमच्या घरी एक कंपोझिटर आहे, त्याच्याशी घालावा.'

एकोणीस वर्षं हे तिथे लिहिलेलं होतं. त्याला ती कधी बोलली नव्हती. आणि वाचून घेताना टीपा गाळायला सांगायची. "ते राहू द्या, ते माणसांसाठी आहे."

म्हणजे तिने त्याला ज्या ओळींत ठेवलं होतं त्याच ओळी त्याने तिच्या नावाने पुसल्या होत्या.

बाकीची पत्रं वाचायला त्याला दुपार झाली. लोक वाटाण्यावर तुटून पडले होते. 'वेग वाढवायच्या नादात नियमच उडवले.' 'कुणी सांगितला होता शहाणपणा?' वाटाण्याचं एकच उत्तर होतं : 'चूक माझी आहे. पण इतक्या ओळी काढताना मलाही धाकधूक होती. चिमटाताईंनी पास केलं, म्हणून मी निर्धास्त झाले.' मग रोख तिकडे वळला. कुणीतरी लिहिलं, 'चिमटाचं आता पूर्वीसारखं लक्ष राहिलेलं नाही. नावापुरती आहे.' आणि शेवटचं पत्र घुबडाचं. ही घुबड म्हणजे सगळ्या लायब्ररीची थोरली कारभारीण. बायकोच्या बोलण्यात ती रोज असायची, पण दोघी कधी भेटल्या नव्हत्या. तिने फक्त चिमटालाच लिहिलं होतं : 'अगं, हे तू पास केलंस? स्वतःचीच टीप खोडलेली तुला दिसली नाही? बरी आहेस ना?'

त्याने मुलीला फोन लावला. सोमवार असूनही.

"काय झालं बाबा?"

त्याने सगळं सांगितलं.

"तुम्ही आईच्या नावाने सही केलीत."

"तिचं नाव काढणार होते गं."

"आणि आता लोक म्हणतात तिचं लक्ष नव्हतं."

"हो."

"बाबा, तिने एक स्वल्पविराम चुकलेला चालवून घेतला नाही कधी. माझ्या निबंधांत लाल पेन चालवायची."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय. सांगितलं तर नाव जाणार. नाही सांगितलं तर नाव राहणार आणि तिच्यावर बोल राहणार."

"तिला काय आवडलं असतं?"

"तिला विचारता आलं असतं तर हे घडलंच नसतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग पुन्हा लावला. "रागावलो नाही तुझ्यावर."

"ठाऊक आहे. लिहा आता. आणि वाटाणा कोण असेल ते असो, त्या बिचाऱ्या बाईला मोकळं करा."

लिहायला त्याला दीड तास लागला. पत्र मोठं नव्हतं.

'मी चिमटाचा नवरा. ती अकरा महिन्यांपूर्वी गेली. आजारी तीनच आठवडे होती. मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही तिला पत्रं पाठवत होता. पाच महिन्यांपूर्वीचा होकार तिचा नाही, माझा आहे. मला प्रोग्राम कळत नाही. मी लाल ओळी वाचल्या नाहीत. वाटाण्याची चूक असेल ती असेल, पण तिने एका जाणत्या माणसाला विचारलं होतं आणि उत्तर अडाण्याने दिलं. चिमटाने असलं काही कधीच पास केलं नसतं. ज्यांनी तिला नावापुरती म्हटलं त्यांनी तेवढं मागे घ्यावं. माफी मागतो.'

ते त्याने एकदा मोठ्याने वाचलं, स्वल्पविरामासकट. मग पाठवलं आणि लॅपटॉपचं झाकण लावलं. आता तिथेही ती गेली होती. पहिल्या दिवसासारखंच घर रिकामं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने झाकण उघडलं नाही. संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, जाड आणि बसका.

"भावोजी का?"

त्याला आयुष्यात कुणी भावोजी म्हटलं नव्हतं. बायको एकुलती एक होती.

"कोण?"

"घुबड. तुमच्या मुलीला शोधून काढलं, तिने नंबर दिला." नाक ओढल्याचा आवाज आला. "एकोणीस वर्षं भांडलो हो आम्ही दोघी. तिच्या दुखण्याचं मला कुणी सांगायचं नाही का?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. मोठ्यांदा रडायला मला काल ऑफिसच्या जिन्यात जावं लागलं." पुन्हा नाक ओढलं. "बरं ऐका. वाटाण्याला कुणी आता काही बोलत नाही. ज्याने नावापुरती म्हटलं त्याने सर्वांसमोर शब्द मागे घेतलाय. जुन्या ओळी आज परत बसवल्या."

"टीप?"

"टीपही. पण आता पंचाईत अशी आहे की नियम हिच्या डोक्यात होते. ही म्हणायची, घरी एक कंपोझिटर आहे. आम्हाला वाटायचं थट्टा करते. वाद टाळायला काढलेला बागुलबुवा."

"मीच तो."

"तेच तर. नवरा खरंच कंपोझिटर आहे, हे तुमच्या मुलीकडून कळलं. मग सगळे नियम सांगा की! हिने किती उतरवले होते, अर्धेच?"

"तिने विचारले तेवढे सांगितले," तो म्हणाला. "बाकीचे कुणी विचारले नाहीत."

"मी विचारते आहे."

पुढचे तीन आठवडे कंपोझिटर कामावर होता. प्रोग्राम लिहायचा नव्हता. घुबडाने सांगितलं, चाचण्या हव्यात. म्हणजे मजकूर असा, रुंदी एवढी आणि ओळी अशा पडल्या पाहिजेत. रोज यंत्र ते ताडून बघणार आणि कुणी पुन्हा नियम मोडला की ओरडणार. हे तर प्रूफ काढण्यासारखंच होतं. तो चौकटीच्या वहीत एका घरात एक अक्षर असं लिहून ओळी मोजायचा, शिशाची पट्टी हातात धरून मोजायचा तसा. नंतर दोन बोटांनी टाइप करून वाटाण्याला पाठवायचा. वाटाणा दोन जुळ्यांची आई निघाली. फोनवर मागे नेहमी काहीतरी आदळत असायचं.

"काका, चौदाव्या चाचणीत पत्त्यामधला घर क्रमांक तोडायचा नाही म्हणता, पण रुंदीच बसत नाही हो."

"मग आधीचा शब्द खाली ने."

"वरची ओळ बोडकी दिसेल."

"दिसू दे. बोडकी ओळ वाचता येते. तुटलेल्या पत्त्यावर पत्र पोचत नाही."

"चिमटाताई अगदी असंच बोलायच्या!"

"ती माझ्यासारखी बोलायची," कंपोझिटर म्हणाला. मग म्हणाला, "का मी तिच्यासारखा, आता कुणास ठाऊक."

एकतीस चाचण्या झाल्या. त्यातली एक लेबलाची होती, रोज सकाळी अर्धी गोळी. एकीत फोरमनचं वाक्य होतं.

शेवटी एकच काम राहिलं, आणि ते तो आणि घुबड दोघंही टाळत होते. एका सकाळी घुबडानेच फोन केला.

"भावोजी, यादीतलं नाव बदलायचं आहे. ओळी पाडणारा भाग वाटाणा सांभाळेल. बदल मी तयार केलाय. पद्धतीप्रमाणे यंत्राने तिकडे निरोप पाठवला असेल."

तो लॅपटॉपसमोरच होता. निरोप आलेला होता. 'चिमटा, तुमची नजर हवी.' तो त्याने दोनदा वाचला. असा पुन्हा येणार नव्हता.

"आला आहे."

"तिच्या खात्यातून होकार दिलात तर लगेच होईल. माझ्याकडून करायचं तर दोन माणसांच्या सह्या लागतात, आज ना उद्या होईल. तुम्ही म्हणाल तसं."

"तिच्या नावाने मी पुन्हा काही दाबणार नाही," तो म्हणाला. "सह्या तुम्हीच घ्या. मी वाचून दाखवतो, तुम्ही तुमच्या पडद्यावर नजर ठेवा. आमच्याकडे तसं करत."

"मला सांगायची ती. कंस सुरू, कंस बंद. भावोजी वाचतात म्हणे अगदी आकाशवाणीसारखं."

"असं म्हणायची?"

"दर वेळेला."

कंपोझिटरने चष्मा पुसला. पेल्यातला चिमटा काढून उगीच हातात धरला. पडद्यावर दोनच ओळी होत्या, वर लाल, खाली हिरवी.

"कोणती आधी वाचू?" त्याने विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता लाल ओळीवर बोट ठेवलं.

"ओळी पाडणे," तो वाचू लागला, सावकाश, एकेक अक्षर उचलावं तसं. "अपूर्णविराम. चिमटा. पूर्णविराम."

मग घुबड म्हणाली, "थांबा. परत."

त्याने परत वाचलं.